न उघडलेला फोन

काउंटरच्या काचेवर बॅटरी ठेवायची आणि बोटाने गिरकी द्यायची. धड असेल तर घासत अर्धा फेरा घेते आणि थांबते. फुगली असेल तर पोटावर भोवऱ्यासारखी गरगरते. रामवाडीत एसटी स्टँडजवळ दुकान टाकलं तेव्हा माझं पहिलं टेस्टिंग मशीन हेच. गिऱ्हाईकालाही ते पटायचं, कारण डोळ्यांसमोर दिसायचं.

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी बॅटरीबद्दल इशारा काढला. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपैकी काही चार्जिंगला लावल्यावर शॉर्ट होऊन तापू शकतात, त्या फुकट बदलून देऊ, असं म्हणाले. मग काय, गिरकी बाजूला राहिली आणि जो तो पाठीमागचा २६ आकडी नंबर वाचून घ्यायला माझ्याकडे. चष्मा विसरलेले आजोबासुद्धा. तेव्हा बॅटरी नखाने निघायची. आता ती आत डिंकाने चिकटवलेली असते. हीट गनने कडा गरम करायच्या, पिक सरकवायचा, डिस्प्ले न तडकता उचलायचा. बॅटरी काढायची तर आधी फोन उघडता आला पाहिजे, आणि माझ्या हाताला गर्व आहे तो त्याचाच.

हा गर्व मी एकदा खिशात ठेवला, त्याची गोष्ट.

गणपतीच्या आधीचे दिवस. हमरापूरकडचा एक मुलगा आला, मूर्तिशाळेत डोळ्यांची आखणी करणारा. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पट्टीत. डाव्या हातात पिशवी, पिशवीत फोन. पाठ उकललेली, कड काळी, आणि थिनरसारखा गोडसर वास. फोन विकत घेऊन वर्षही झालं नव्हतं. चार्जिंगला नव्हता, हातातच होता म्हणाला. "दादा, उघडून बघा ना, बॅटरीच गेली होती ना?"

माझा हात पिककडे गेला होता. खरं सांगतो, दया नंतर आली, आधी कुतूहल. आत काय झालं असेल ते मला माहीत होतं. दोन पट्ट्यांची गुंडाळी, मधे केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा. तो फाटला की शॉर्ट, शॉर्टने उष्णता, उष्णतेने आणखी शॉर्ट. २०१६ मध्ये सॅमसंगचे नोट ७ पेटले, तेव्हा कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये कारण सांगितलं: एका पुरवठादाराच्या बॅटरीचा कोपरा दबत होता, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे बोचरे कण राहत होते. पण कंपनीकडे तपासायला फोनांचा ढीग होता. या पोराकडे एकच.

मी पिक खाली ठेवला. माझ्या भावासारखा एक वकील मित्र आहे, अलिबागला ग्राहक आयोगात जाऊन येऊन असतो. त्याने कधीतरी सांगितलेलं आठवलं: इजा झाली तेव्हा वस्तूत फेरफार झालेला असेल तर विकणाऱ्यावर दावा लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे, आणि कंपनीचा वकीलही उभा राहून पहिलं हेच विचारणार, "कोणी उघडला होता?" उत्तर माझं नाव असलं असतं.

त्याला फोन लावला. तो बोलत गेला, मी बिलबुकाच्या पाठीमागे लिहीत गेलो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणारा, विकणारा, दुरुस्त करणारा, तिघांवरही जबाबदारी येऊ शकते. बनवताना चूक असो, रचनेतच खोट असो, की धोक्याची सूचना दिली नसो. मुदत दोन वर्षांची. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, तक्रार करणारा राहतो त्या जिल्ह्यातच दाखल होते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरूनही होते. फोन मुलाने आईला घेऊन दिला असेल आणि भाजली आई असेल, तरी आई ग्राहकच. इजेच्या दाव्यात फोनची स्वतःची किंमत येत नाही, ती वेगळी मागायची. हंगामाची बुडालेली मजुरी कशी मांडायची, यावर तो थोडा थांबला. "आर्थिक तोटा इजेच्या व्याख्येतून वगळलाय. दवाखान्याचे कागद आधी नीट ठेव म्हणावं."

आणि शेवटी: "फोन सांभाळ. आयोग सील करून लॅबला पाठवू शकतो. फोनच नसेल तर पाठवणार काय?"

सर्व्हिस सेंटरवाल्याने त्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं होतं, फोन ठेवून जा, नवीन देतो. किती गोड बोलणं! लेखी पावती, आयएमईआय आणि 'जळालेल्या अवस्थेत मिळाला' ही ओळ, यांशिवाय द्यायचा नाही, एवढं मी त्याला पढवलं. मग चारी बाजूंनी फोटो काढले, शेजारी बिल आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. फोन कोरड्या वाळूच्या डब्यात. एका कागदावर लिहिलं, 'फोन माझ्याकडे आणला, मी उघडलेला नाही,' खाली सही आणि दुकानाचा शिक्का. वीस वर्षांत न केलेल्या कामाचा मी दिलेला तो एकमेव दाखला.

त्या रात्री शटर अर्धं ओढून माझाच ड्रॉवर उपसला. बनवणारा कोण हेच कळत नसेल तर जबाबदारी विकणाऱ्यावर, हेही मित्राने जाता जाता टाकलं होतं. ड्रॉवरमध्ये अकरा बॅटऱ्या अशा निघाल्या, ज्यांच्यावर भारतीय मानक ब्युरोचा आर-नंबर नव्हता की कंपनीचं नाव. 'फर्स्ट कॉपी' म्हणून स्वस्तात आलेल्या. म्हणजे त्यांची कंपनी मीच! आता बॅटरीवरचा नंबर बिलात उतरवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "बिल कशाला, पन्नास कमी करा." मी दोन्ही करतो आणि बायकोचं बोलणं खातो.

मुलाची तक्रार दाखल झाली, तारखा चालू आहेत. अलिबागला जायचं असलं की रामवाडीला उतरून दुकानात डोकावतो, मग वडखळवरून पुढची गाडी. परवा अंगठ्याचं विचारलं. म्हणाला, यंदा मोठ्याच मूर्तींची आखणी घेतली. लहान डोळ्यांना अंगठा अजून वळत नाही.