श्रीताडाची मुदत

व्यापारी घरात प्रत्येक व्यवहाराला मुदत असते. उधारीला असते, ठेवीला असते, गोदामातील गुळाच्या ढेपेलाही असते. अशा घरातील माणूस परसात झाड लावतो तेव्हाही नकळत मुदतीचाच विचार करतो. पपई वर्षभरात फळते, कलमी आंबा चार-पाच वर्षांत. हिशेब डोळ्यांसमोर असतो. माड, पोफळ, ताड यांच्या कुळातील झाड बियांपासून वाढवू पाहणाऱ्याला मात्र ही सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. या झाडांच्या खोडात आंब्यासारखा वाढीचा थर (कॅम्बियम) नसतो, म्हणून त्यांचे कलम होत नाही. बुंध्याशी फुटवे देणारा खजूर आणि त्यासारखी काही झाडे सोडली, तर प्रारंभ बियांपासूनच करावा लागतो. बहुतेकांच्या शेंड्याला एकच वाढता कोंब असतो आणि तो गेला की झाड गेले.

या कुळाचे बी साठवणुकीला फारसे मानवत नाही. धान्य जितके कोरडे तितके टिकते. पोफळीचे किंवा नारळाचे बी मात्र पूर्ण वाळले की त्यातील जीव निघून जातो. म्हणून बी ताजे, झाडावर पूर्ण पिकलेले घ्यावे. सुपारी सालीसकट, देठाकडची बाजू वर ठेवून ओलसर वाळूत लावतात; दीड-दोन महिन्यांत ती उगवू लागते. नारळ अकरा-बारा महिन्यांचा, हलविला असता आतील पाण्याचा आवाज येणारा निवडावा. कठीण कवचाचे बी असेल तर गर स्वच्छ काढून ते दोन-तीन दिवस पाण्यात ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. भेरली माडाचा गर काढताना हातमोजे घालावेत, कारण त्यातील सूक्ष्म स्फटिकांमुळे हाताला असह्य खाज सुटते. यापुढे लागते ती ऊब, ओलावा आणि मुख्यतः धीर. बी दर आठवड्याला उकरून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

उगवण्याचीही दोन रूपे आहेत. नारळ-सुपारीत कोंब बियांना चिकटूनच वर येतो. ताड, खजूर आणि श्रीताड यांत मात्र बी आधी एक दांडा जमिनीत खोल सोडते, आणि त्या दांड्याच्या टोकाकडून, बियांपासून दूर, रोप वर येते. अनेकांना वाटते की बी कुजले, आणि ते कुंडी रिकामी करून टाकतात. वास्तविक त्या वेळी जमिनीखाली काम चालू असते. म्हणून या जातींना उथळ कुंडी चालत नाही. खोल पिशवी किंवा थेट कायमची जागा लागते. रोप वर आल्यानंतरही कित्येक महिने ते बियांतील साठ्यावरच जगते. पहिले पान पंख्यासारखे नसते, झावळीसारखेही नसते. गवताच्या रुंद पात्यासारखे साधे असते. पुढे काही वर्षे झाड उंच होत नाही. आधी ते जमिनीलगत बुंध्याची जाडी पुरी करते आणि मगच वर चढते. आधी भांडवल आणि मग विस्तार, हा पेढीचा जुना नियम या झाडांनी फार पूर्वीपासून पाळला आहे.

कोल्हापुरात गुळाच्या अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका जैन कुटुंबाचे परसू असेच होते. पेढी मुलाच्या हाती सोपविल्यावर घरातील अण्णांनी तेथे पोफळी लावल्या आणि दोन माड वाढविले. घरातील अक्कांना हे सारे एकदम मान्य झाले नाही. खणताना पृथ्वीकायाची, पाण्याने अप्कायाची विराधना होते, आणि उगवत्या अंकुराला तर शास्त्रकारांनी अनंतकाय म्हटले आहे, हे त्या शांतपणे आठवण करून देत. अण्णांनी वाद घातला नाही, जयणा वाढविली. खणायचे ते चातुर्मासापूर्वी. पाणी गाळूनच घालायचे. माडाला गेंड्या भुंगा लागू लागला तेव्हा शेजाऱ्यांनी विषारी औषध सुचविले. अण्णांनी अर्धवट कुजलेल्या शेणखताचा ढीग परसातून हलविला, कारण भुंग्याची वीण तेथेच होते. आणि शेंड्यालगतच्या पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड व बारीक वाळू भरली. भुंगा फिरकेनासा झाला. मारण्यापेक्षा येऊ न देणे हे कष्टाचे असते, पण श्रावकाच्या बागेला तेच शोभते.

खरा प्रश्न उभा राहिला तो श्रीताडामुळे. मूडबिद्रीच्या यात्रेहून परतताना अण्णांनी दक्षिण कन्नड भागातून लहान लिंबाएवढी काही फळे आणली होती. प्रत्येकात एकच गोल, कठीण बी होते. श्रीताडाचे पान पाच मीटरपर्यंत रुंद होते. हे झाड आयुष्यात एकदाच फुलते. तीस ते ऐंशी वर्षांच्या दरम्यान केव्हातरी त्याच्या शेंड्यावर सहा ते आठ मीटर उंचीचा प्रचंड तुरा येतो, त्यात लाखो फुले असतात, फळे पिकायला सुमारे वर्ष लागते, आणि मग झाड वठून जाते. साऱ्या आयुष्याची पुंजी ते एका दानात रिकामी करते.

जैन समाजाचे या झाडाशी असलेले नाते जुने आहे. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवला, जयधवला आणि महाधवला यांच्या ज्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या, त्या श्रीताडाच्या पानांवर लिहिलेल्या आहेत. पाटण व जेसलमेरच्या ज्ञानभांडारांतील जुन्या पोथ्यांसाठीही हीच पाने वापरली गेली. गुजरात-राजस्थानात हे झाड उगवत नाही. पाने दक्षिणेकडून, मलबारच्या बाजूने, व्यापारी मार्गाने येत. चौदाव्या शतकात कागद रुळेपर्यंत तेथील श्रुत असे दूरच्या झाडावर आणि व्यापाऱ्यांच्या मालावर अवलंबून होते. मराठीत पुस्तकाच्या पृष्ठालाही ‘पान’ म्हणतात, त्यामागे हाच इतिहास उभा आहे.

पान टिकले, पण ते आपोआप टिकले नाही. मूडबिद्रीच्या प्रतींचे दीर्घकाळ केवळ दर्शन होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या नकला करून घेण्याचा ध्यास घेतला. ते काम अनेक वर्षे चालले. पुढे डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग 1939 मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला, आणि सोळावा, शेवटचा, 1958 मध्ये. ज्यांनी या कामाची सुरुवात केली त्यांतील कित्येकांनी छापील ग्रंथ पाहिला नाही. त्यांनी तो पाहण्यासाठी सुरुवात केलीही नव्हती.

अण्णांनी आणलेल्या बियांपैकी तीन उगवल्या. त्यांच्या मनात एक रोप परसात लावायचे होते. मुलाने आदराने, पण स्पष्ट सांगितले, “अण्णा, दहा वर्षांत ही जागा अशी राहणार नाही. वाडा पाडून इमारत करावीच लागेल, नाहीतर आमच्या तिघा भावांना घरे कुठून देणार? तुमचे झाड मला तोडावे लागेल, आणि ते मला जमणार नाही.”

रागावण्यासारखे यात काही नव्हते. मुलगा खोटे आश्वासन देत नव्हता, आणि व्यापाऱ्याच्या घरात ही लहान गोष्ट नाही. तरी वडिलांच्या मनाला ते लागले. काही दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही. शेवटी अक्काच म्हणाल्या, “अहो, तोडले जाणार हे ठाऊक असताना लावणे ही साधी विराधना नाही. तो संकल्प होतो. ज्याला शेवटपर्यंत सांभाळू शकत नाही, त्या जीवाला बोलावू नये.” ज्या बाईने इतकी वर्षे बागेला हरकत घेतली, तिने या एका वाक्यात बागेचा धर्म सांगितला होता.

अण्णांना ते पटले. त्यांनी परसात श्रीताड लावला नाही. मात्र रोपे टाकूनही दिली नाहीत. श्रीताड कुंडीत कायम राहू शकत नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षांत जागा शोधणे भाग होते. समाजाच्या एका वसतिगृहाच्या आवारात, बांधकामाच्या रेषेपासून दूर, कोपऱ्यात जागा मिळाली. विश्वस्तांच्या सभेत एका सदस्याने विचारलेच, “आज आपण हो म्हणू, पन्नास वर्षांनी इथे कोण असेल?” उत्तर देण्यासाठी उठला तो अण्णांचा मुलगा. तो म्हणाला, “माणूस कोणीच नसेल, पण सभेचे इतिवृत्त असेल. ज्याच्या हाती ते येईल त्याला निदान कळेल की हे झाड कोणी, का लावले.” फुलून स्वतः वठेपर्यंत झाड तोडू नये, असा ठराव झाला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, रोप जमिनीत गेले. पावसाची सुरुवात जवळ होती आणि चातुर्मासाला अवकाश होता. शेतीच्या दृष्टीनेही तो मुहूर्त चुकीचा नव्हता. उरलेली दोन रोपे कोकणातील एका नातलगाच्या बागेत गेली. परसात पोफळी आणि माड आहेत तसेच राहिले.

ठरावाच्या कागदाने झाड वाचेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. भांडारांतील पोथ्यांनाही तशी खात्री नव्हती. वाळवी होती, दमट हवा होती, आक्रमणे होती, आणि सर्वांहून मोठा धोका म्हणजे विसर पडणे. त्या टिकल्या, कारण त्या एकाच्या मालकीच्या राहिल्या नाहीत. मठाने सांभाळल्या, बसदीने सांभाळल्या, एका पिढीने दुसरीच्या हाती दिल्या. एका माणसाच्या आयुष्यात न मावणारी गोष्ट जपायची असेल, तर तिला माणसापेक्षा लांब आयुष्याचा आश्रय द्यावा लागतो.

परसात या कुळातील झाड लावण्याची इच्छा असणाऱ्या कुटुंबाने म्हणून बियांआधी घरातील सर्वांचे मन विचारावे. घर पाच-दहा वर्षे तरी असेच राहणार असेल तर पोफळ लावावी. पाचव्या-सहाव्या वर्षी तिला सुपारी धरते. पुढच्या पिढीचा शब्द मिळत असेल तर उंच जातीचा माड लावावा. तो सहा-सात वर्षांनी फळतो आणि साठ वर्षांहून अधिक काळ देत राहतो. खजुराचे बी लावणाऱ्याने लक्षात ठेवावे की रोपांत नर-मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात आणि फुले येईपर्यंत ते कळत नाही. आणि श्रीताडाचे बी हाती आले, तर त्यासाठी घराचे परसू शोधू नये. क्षेत्राचे आवार, पाठशाळा, वसतिगृह, जेथे विश्वस्त बदलतात पण विश्वस्तपण चालू राहते, तेथे ते द्यावे. त्या झाडाच्या खात्यावर जमेची बाजू लिहिणारा हात आज रोप लावणाऱ्याचा नसेल. तरी खाते उघडावे, कारण जुन्या पोथ्यांची खातीही अशाच कोणीतरी, फळ स्वतः न पाहता, उघडून ठेवली होती.