सांभाराची जुडी

यवतमाळहून घाटंजीला जाताना एस. टी.च्या दोन्ही अंगांना कपाशीची आणि तुरीची वावरे लागतात. मे महिन्यात ती नांगरून उघडी पडलेली असतात. वाघाडी नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी माझी थोरली बहीण राहते. उन्हाळ्यात तिच्याकडे आठ दिवस काढले, तेव्हा ध्यानात आले की इथली गृहिणी महागाईपेक्षा उन्हाला अधिक वचकून असते.

सकाळी आणलेली सांभाराची जुडी दुपारी मान टाकते. (कोथिंबिरीला विदर्भात सांभार म्हणतात, इडलीबरोबरच्या सांबाराशी त्याचे नाते नाही!) तोडलेली भाजीही श्वास घेतच असते, उष्मा दहा अंशांनी वाढला की तो श्वास दुपटी-तिपटीने वाढतो. त्यात कोरडी हवा तिच्या अंगातले पाणी ओढून घेते. दुपारी वीज गेली की फ्रिजचाही भरवसा नाही. मोजून-मापून आणलेली मेथी संध्याकाळी गाईपुढे टाकताना ताईचा चेहरा पाहवत नाही.

म्हणून ताई पालेभाजी त्या दिवसापुरतीच घेते, टोमॅटो किंचित हिरवट पाहून घेते आणि कोहळे, म्हणजे आपला लाल भोपळा, सगळाच्या सगळा उचलते. "कापत नाई तवर याले काई होत नाई, भाऊ!" भाजीवाल्या आजीबाईंनी मला बजावले. ते खरेच आहे. जून झालेला, देठ शाबूत असलेला भोपळा हवेशीर जागी महिनोन् महिने टिकतो. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवायचे नाहीत. केळी पालेभाजीशेजारी तर मुळीच नकोत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने पाने पिवळी पडतात.

मागच्या अंगणात, छपराच्या सावलीत, ताईने विटांचा एक बुटका हौद बांधून घेतला आहे. भिंती दुहेरी, मधल्या तीन बोटांच्या फटीत वाळू, वर ओले तरट. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात ही युक्ती सिद्ध केली आणि तिला 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' असे भारदस्त नाव दिले. तत्त्व माठाचेच. सांभाराचा जीव घेणारी तीच कोरडी हवा वाळूतले पाणी उडवते आणि आतली भाजी गार राखते. तिसऱ्या दिवशीही मेथी टवटवीत निघाली, हे मी स्वतः पाहिले. मुंबईच्या दमट हवेत मात्र हा हौद फारसा उपयोगी पडणार नाही. घाटंजीतही पावसाळ्यात तो नावापुरताच उरतो.

वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे लागते. ऐन मेमध्ये बादली उचलण्याआधी ताई रांजणाचे झाकण काढून आत डोकावते, आणि कधीकधी बादली तशीच खाली ठेवते.