तीन अधिक चार

सोमवार, ८ जुलै २०२४
दुपारी युरॉलॉजिस्टकडून प्रोस्टेटच्या सुई-बायोप्सीच्या बारा डब्या आल्या. प्रत्येकीवर जागा लिहिलेली. फॉर्मवर वय ६७, रक्तातला पीएसए ९.४, बोटाने तपासताना उजवी बाजू कडक लागली. इतका नीट भरलेला फॉर्म क्वचित येतो. काही जण सगळे तुकडे एकाच डबीत कोंबतात. मग ते एकमेकांत गुंततात, तुटतात, आणि आजार कुठे नि किती तुकड्यांत, ते मी सांगणार कशाच्या जोरावर?

फॉर्मॅलिनमध्ये तुकडे शेवयांसारखे वळलेले, लांबी दीडेक सेंटिमीटर. टेक्निशियनने एकेक सरळ करून स्पंजच्या चकत्यांत दाबला. तुकडा आडवा सपाट बसला नाही तर काप घेताना निम्मा हातचा जातो.

मंगळवार, ९ जुलै
रात्रभर अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण. सकाळी ब्लॉक तयार. आता चार मायक्रॉनचे काप, मग रंग.

काउंटरवर पेशंटचा मुलगा. "मॅडम, कालच दिलंय, आज मिळेल ना?" नाही म्हटल्यावर आवाज खाली आणून, "सुई लावली की पसरतं म्हणतात गावाकडे." हे रोजचंच. म्हटलं, त्या भीतीने तपासणी टाळू नये. सुईची खरी काळजी जंतुसंसर्गाची. ती गुदाशयातून जाते तेव्हा जास्त. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर वृषणामागच्या त्वचेतून घेतात. लघवीत थोडे दिवस रक्त दिसेल, पण थंडी-ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठा. पीएसएचंही सांगितलं: ग्रंथी नुसती वाढली किंवा सुजली तरी तो चढतो. निदान आकड्यावर होत नाही, म्हणून तर सुई.

बुधवार, १० जुलै
डावीकडचे सहाही तुकडे साफ. एकात आक्रसलेल्या ग्रंथी होत्या, त्या फसव्या दिसतात.

उजवीकडे चित्र वेगळं. निरोगी ग्रंथीला पेशींचे दोन थर असतात, आतला आणि त्याला बाहेरून धरून ठेवणारा तळाचा. इथे तळाचा थर नाही. लहान लहान ग्रंथी दाटीवाटीने, निरोगी ग्रंथींच्या मधूनच वाट काढत गेलेल्या. केंद्रकात ठळक ठिपके. चार तुकड्यांत शंकेला जागा नाही. पाचव्यात मात्र जेमतेम पाच-सहा ग्रंथी, अर्ध्या मिलिमीटरात. एवढ्यावर मी सही करणार नाही. ब्लॉक पुण्याला पाठवला, पी-६३ आणि रेसमेझ या दोन खास रंगांसाठी. मुलगा वैतागणार, वैतागू दे.

शुक्रवार, १२ जुलै
श्रेणीवर अडले. १९६६ मध्ये मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातल्या डोनाल्ड ग्लिसन यांनी पेशींपेक्षा ग्रंथींच्या रचनेकडे बघून पाच नमुने ठरवले, आणि सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोहोंची बेरीज करायची पद्धत पाडली. आज सुईच्या तुकड्यात बेरीज सहापासूनच सुरू होते. पेशंटला वाटतं दहापैकी सहा म्हणजे अर्ध्याहून पुढे गेलं. खरं तर ती सर्वांत खालची पायरी, आणि अशा अनेकांना ऑपरेशनऐवजी नुसत्या नियमित देखरेखीचा सल्ला मिळतो. हा घोळ निस्तरायला २०१४ च्या शिकागोतल्या बैठकीत एक ते पाच असे गट ठरले.

माझा प्रश्न सातचा. सुट्या, वेगळ्या उभ्या ग्रंथी म्हणजे तीन. एकमेकींत मिसळलेल्या किंवा चाळणीसारख्या भोकांच्या म्हणजे चार. चारचं प्रमाण मला तीस टक्के वाटलं. आमच्या वरिष्ठ सरांना दाखवलं. दोघं एकाच स्लाइडवर, दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपला. ते म्हणाले, "वीस म्हण. हा कोपरा तिरपा कापला गेलाय, म्हणून मिसळल्यासारखा दिसतो." बरोबर होतं. वीस लिहिलं.

मंगळवार, १६ जुलै
पुण्याहून स्लाइड आल्या. शेजारच्या निरोगी ग्रंथींभोवती पी-६३ चे तपकिरी ठिपके, शंकेच्या ग्रंथींभोवती एकही नाही. त्यांच्या आत रेसमेझ भरपूर. म्हणजे पाचवाही. रिपोर्ट: बारापैकी पाच तुकड्यांत कॅन्सर, ३+४=७, गट दोन, चारचा नमुना वीस टक्के, मज्जातंतूंभोवती शिरकाव दिसला नाही.

संध्याकाळी पेशंट काका स्वतः आले, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मुलाने मागून मला डोळ्यांनी खुणावलं, पण काकांनी कागद आधीच हातात घेतला होता. "तीन आणि चार सात, मग नुसतं सात का नाही लिहीत?" म्हटलं, काका, चार आधी असता तर गट तीन झाला असता, बेरीज तीच राहून. आधीचा आकडा जास्त जागा व्यापणाऱ्याचा. "असं होय. म्हणजे मोठा भिडू पुढे." मग मुलाने विचारलं, "स्टेज कितवी?" ती या तुकड्यांवरून कळत नाही, त्यासाठी एमआरआय आणि युरॉलॉजिस्ट काय सांगतील ते.

टाटा हॉस्पिटलला दाखवायचं म्हणतात. तिथे स्लाइड पुन्हा वाचतात, आणि वाचाव्यातच. वीस की तीस, हे तिसऱ्या डोळ्याने बघितलं तर मलाही हवंच आहे. ब्लॉक आणि स्लाइड बांधून दिल्या. रजिस्टरमध्ये काकांनीच सही केली, आणि ब्लॉक मोजून घेतले.