पाबळच्या माळावर

पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापुरापर्यंत जावे आणि तेथून डाव्या हातास वळावे, म्हणजे पुढे पाबळ लागते. गाव शिरूर तालुक्यातील. पाऊस बेताचा, माळ मोठा. वाचकांपैकी पुष्कळांस हे नाव ठाऊक असेल ते मस्तानीच्या समाधीमुळे. 1740 साली बाजीरावांच्या पाठोपाठ ती वारली, तिची कबर येथे आहे. आम्हीही गेल्या माघात प्रथम तिकडेच वळलो व बराच वेळ तेथे बसून राहिलो. परंतु खरे सांगावयाचे तर ती इतिहासाची ओढ नव्हती, टाळाटाळ होती. आमचे काम गावाजवळच्या विज्ञान आश्रमात होते, आणि ते अप्रिय होते.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू दहावीस गणितात दोन वेळा नापास झाला. आमच्या घरात दोन पिढ्या मास्तरांच्या. तेव्हा या गोष्टीचे सुतक किती दिवस पाळले गेले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. अखेर मुलगा स्वतःच हट्टाने पाबळास एक वर्षाच्या अभ्यासक्रमास गेला. सहा महिने लोटल्यावर त्याच्या वडिलांनी आम्हांस गाठले. ‘‘काका, तुमचे तो ऐकेल. लोखंड जाळून पोट भरेलही, पण कागद कोण देणार? तेवढे त्याला घेऊन या.’’ छत्तीस वर्षे आम्ही कागदच देत आलो होतो. नाही कसे म्हणणार?

हा आश्रम डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 साली स्थापिला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनविभागात उच्च पदावर असलेला हा गृहस्थ, तो सर्व व्याप सोडून या माळावर येऊन राहिला आणि 2003 साली निवर्तला. त्यांचे म्हणणे साधे होते: हाताने काम करता करता बुद्धी वाढते, आणि शाळेत न रमलेला मुलगा मंद असतो, असे मुळीच नाही. येथे मुले एक वर्ष राहतात. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, विजेची जोडणी, शेती, जनावरे, माती तपासणे, खाद्यपदार्थ करणे, सर्व थोडेथोडे आणि सर्व प्रत्यक्ष. घुमटाकार घरे पाहून आम्हांस प्रथम हसू आले. पण आत गेल्यावर खांबावाचून उभे राहिलेले ते छप्पर पाहून मान आपोआप वर झाली.

नातू एका मोकळ्या जागेत तिघा मुलांसह पाया आखत होता. आम्ही आडोशास उभे राहिलो. त्याने दोरीवर सहा फुटांवर एक खूण केली, दुसऱ्या बाजूस आठ फुटांवर दुसरी, आणि मधले अंतर दहा फूट भरेपर्यंत एका मुलास खुंटी सरकवावयास लावली. ‘‘आता गुण्या बसला,’’ तो म्हणाला.

वाचकहो, आम्ही जागच्या जागी थिजलो. तीन, चार, पाच! यज्ञवेदी आखावयास शुल्बसूत्रकारांनी दोरीनेच हा काटकोन साधला होता. आम्ही पाठशाळेत ती सूत्रे घोकली, पुढे वर्गात वर्षानुवर्षे तोच सिद्धांत खडूने फळ्यावर लिहिला, पण दोरी म्हणून एकदाही हाती धरली नाही. आणि हाच सिद्धांत या मुलाने उत्तरपत्रिकेत चुकविला होता. त्याला विचारले, तर तो ओशाळून म्हणाला, ‘‘आजोबा, ते पायथागोरसचे होय? ते मला येत नाही.’’

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा डोळ्यांपुढून हलेना. शाळेचा बिघडलेला पंप तो उघडून पुन्हा चालू करी, आणि वार्षिक परीक्षेत आम्ही त्यास संस्कृतात अकरा गुण दिले होते. गुण बरोबरच होते. तो पुन्हा शाळेत आला नाही.

आता कागदाविषयी. पुतण्याची चिंता पोकळ नव्हे. या देशात कागदावाचून दार उघडत नाही. येथील अभ्यासक्रमास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे 1989 साली निघालेल्या ओपन स्कूलची, मान्यता आहे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवाने मिळविलेल्या विद्येसही श्रेयांक देण्याची सोय आहे. तीस तासांस एक, असा हिशेब. सोय चांगलीच. तथापि तीस तास वर्गात बसून काहीही न शिकण्याची विद्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस साधली होती, हे आम्ही विसरू शकत नाही! युरोपातील युवक-उपक्रमांत 2007 पासून ‘यूथपास’ नावाचे प्रमाणपत्र देतात. आपण काय शिकलो, हे त्यात तरुणाने स्वतःच मार्गदर्शकाशी बोलून लिहावयाचे असते. ही चाल आम्हांस अधिक पटली. मिथिलेत पूर्वी शलाकापरीक्षा असे: पोथीत सळई खुपसावी आणि जे पान निघेल त्याचा अर्थ विद्यार्थ्याने सांगावा. पाबळास सळई गिऱ्हाइकाच्या हाती आहे. गावकऱ्याचे फाटक वाकडे निघाले, तर तो परत आणून टाकतो.

सकाळी नातवास विचारले, ‘‘येतोस का घरी?’’ त्याने उत्तर दिले नाही. स्वतः जोडलेली कुंड्यांची एक लोखंडी घडवंची आणली आणि तिच्यासोबत वहीचे एक पान दिले. त्यावर लोखंडाचे वजन व भाव, वेल्डिंगच्या कांड्या, वीज, रंग, मजुरी, अशी विक्रीची किंमत मांडलेली होती. ‘‘हे बाबांना द्या,’’ एवढेच बोलला.

आम्ही एकटेच परतलो. एस.टी.च्या कंडक्टराने घडवंचीचे निराळे तिकीट घ्यावयास लावले. घरी दारातच सूनबाईंनी विचारले, ‘‘आणि तो?’’ आम्ही पान पुतण्याच्या हाती ठेवले. तो बँकेतील मनुष्य. त्याने उभ्याउभ्याच बेरीज ताडून पाहिली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. मग घडवंची हलवून पाहिली. ती हलली नाही. पानाची घडी करून त्याने ती खिशात घातली आणि विचारले, ‘‘काका, मजुरी थोडी कमी नाही का लावली त्याने?’’