राधिकेच्या वाट्याचं प्रेम

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका संपून वर्षं झाली, तरी एक गोष्ट मला अजून खटकते. २०१६च्या ऑगस्टमध्ये अनिता दाते यांची राधिका घराघरांत आली, तेव्हा अमरावती-अकोल्याकडे तिचं कौतुक जरा जास्तच झालं. ती नागपूरची, तिची बोली अकोल्याच्या वऱ्हाडीहून थोडी निराळी. पण मुख्य वेळेतल्या मालिकेची नायिका 'काय करून राहिले' असं बोलते, हेच इकडे नवल होतं. आणि तिच्या वाट्याला काय आलं? नवऱ्याचं, गुरुनाथचं, शनायाबरोबरचं बाहेरचं प्रकरण. २०२१पर्यंत चाललेल्या मालिकेत ते प्रकरण पुरवून पुरवून वापरलं गेलं. सौमित्रचं समजूतदार प्रेम आलं ते फार उशिरा, तेही गुरुनाथ आणि शनायाच्या कारस्थानांतून जागा मिळेल तसं. फसवली गेलेली, एका मुलाची आई, मसाल्यांचा उद्योग स्वतःच्या हिमतीवर उभा केलेली बाई पुन्हा कुणावर विश्वास टाकायला शिकते. हळूहळू उमलणाऱ्या प्रेमाला याहून चांगला ऐवज कोणता हवा होता? तो हाताशी असून वाया गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

असं प्रेम लोकांना का आवडतं, याचं उत्तर २०१२च्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये सापडतं. घना आणि राधा आपापल्या सोयीसाठी करार करून लग्न करतात आणि एका घरात राहता राहता एकमेकांत गुंततात. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांनी ते विनासायास उभं केलं. पण त्याची गोडी अभिनयापुरती नव्हती. वऱ्हाडात अजूनही बरीच लग्नं पाहण्याच्या कार्यक्रमात, चहा-पोह्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत ठरतात. माणूस कळतो तो नंतर, वर्षानुवर्षं. आधी लग्न आणि मग ओळख, हा क्रम इथल्या प्रेक्षकाला सांगावा लागत नाही. शिवाय टीव्ही असतो समोरच्या खोलीत. सासू, सून, आजोबा, दहावीतली पोर एकाच वेळी पाहतात. उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेल्या ताटातलं प्रेम सगळ्यांना एकत्र पाहता येतं. कुणाला रिमोट शोधावा लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, संथपणा कसला, हे तर पाणी घालणं आहे. आक्षेप खोटा नाही. पण उशीर दोन प्रकारचा असतो. माणसाच्या भिडेमुळे, आधीच्या जखमेमुळे लागणारा उशीर आपण आनंदाने सोसतो. चोरलेली चिठ्ठी, दाराआड ऐकलेलं अर्धं वाक्य, ऐनवेळी आलेला फोन, यांनी लांबवलेला उशीर प्रेमाचा नसतो, जाहिरातींचा असतो. राधिकेच्या बाबतीत पहिला उशीर सहज शक्य असताना दुसराच वाढवला गेला.

अशी संथ प्रेमकथा वऱ्हाडीत हवी म्हटलं, की दुसरा आक्षेप येतो तो बोलीचा. वऱ्हाडीत हळवं प्रेम शोभत नाही, ती हसवायला बरी, असं पुष्कळांना वाटतं. भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या' या विनोदी कार्यक्रमातून वऱ्हाडी महाराष्ट्रभर पोहोचवली, हे त्यांचं मोठं काम. पण बाकीच्यांनी तिला तिथेच बसवून ठेवलं. उद्धव शेळक्यांनी १९६०मध्ये 'धग' कादंबरीतल्या कौतिकचं अख्खं दुःख याच बोलीत पेललं. आणि 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेतल्या राणादाचं 'चालतंय की' कोल्हापूरचं असून अकोल्यात आवडलंच ना? मग 'पोचल्यावर फोन करजो' हे कोल्हापुरात का आवडू नये? काळजी दाखवायची आणि प्रेम म्हणायचं नाही, ही कला त्या 'करजो'त आयतीच आहे.

एक गोष्ट मात्र मलाही अडते. वऱ्हाडची एक फार जुनी प्रेमकथा मुळीच संथ नाही. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीने कृष्णाला निरोप धाडला आणि अंबादेवीच्या दर्शनाला म्हणून निघून रथात बसली, अशी इथली श्रद्धा. तिने वाट पाहिली असती तर शिशुपालाच्या घरी गेली असती. मालिका बाईच्या थांबण्याला इतकं गोड करतात की कधी कधी मलाच भीती वाटते, आपण सोसण्यालाच प्रेम म्हणायला लागलो की काय. तरीही इकडच्या बोलीतली एक संथ प्रेमकथा मला हवीच आहे. फक्त तिचे संवाद लिहायला दर्यापूर-अकोटकडचं माणूस बसवा, आणि थांबायचं की निघायचं हे त्या नायिकेला ठरवू द्या.