क्लचचे पेडल आधी बोलते

बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण असले तरी आमच्या गावाला रेल्वे नाही. मुंबईची किंवा नागपूरची गाडी धरायची म्हणजे मलकापूर गाठावे लागते, आणि मध्ये राजूरचा घाट उतरावा लागतो. या रस्त्यावर आमची सुमो अनेक वर्षे धावली. 2012 साली जुनी घेतलेली गाडी. अण्णांच्या ग्रॅच्युइटीतून राहिलेले पैसे आणि वहिनीच्या बचत गटाचे कर्ज, असे जोडून घेतली. दादा चालवायचा. स्टेशनचे भाडे, लग्नाचे भाडे, दवाखान्याचे भाडे. घरात खाणारी तोंडे सात, आणि गाडी उभी राहिली की त्या दिवशी चूल उधारीवर.

2016 च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, मलकापूरहून परत येताना घाटाच्या अलीकडेच क्लचचे पेडल एकदम मऊ पडले. दादाच्या शब्दांत सांगायचे तर पाय लोण्यात गेल्यासारखा आत गेला. गिअर पडेना. त्याने गाडी कडेला घेतली, प्रवाशांना मागून आलेल्या एस.टी.त बसवून दिले, त्यांचे भाडे परत केले. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने येऊन पेडल एकदा दाबले आणि उभ्या उभ्याच निकाल दिला : प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार, दोन दिवस गाडी राहील.

दादाने घरी फोन लावला. आमचे अण्णा एस.टी.च्या डेपोत अठ्ठावीस वर्षे वर्कशॉपला होते. आधी हेल्पर, मग मेकॅनिक. गुडघे गेले आहेत, पण कान शाबूत. त्यांनी गॅरेजवाल्याबद्दल एक अक्षर काढले नाही. फक्त विचारले, "इंजिन बंद करून गिअर पडते का?"

"पडते."

"चालू केल्यावर?"

"घरघर करते, जात नाही."

"पेडल चार-पाच डाव भराभर मार अन् मंग पाय."

थोडा वेळ गेला. "आता पडला, अण्णा. पण पेडल परत खाली चाललं."

"मंग प्लेट नाही. त्याले म्हना, पाना ठेव खाली. आमी येतो."

पुढच्या एस.टी.ने आम्ही निघालो. आम्ही म्हणजे अण्णा, वहिनी आणि पान्यांची पिशवी, धरायला उरलेली माणसे.

ज्यांच्या घरी गाडी आहे किंवा घरातला कोणी दुसऱ्याची गाडी चालवतो, त्यांच्यासाठी अण्णांच्या त्या तीन प्रश्नांचा अर्थ नीट सांगायला हवा. आपल्याकडे पुष्कळ पोरे ड्रायव्हरकी करतात, पण पेडलाच्या पलीकडे काय आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

इंजिन फिरत असते आणि गिअरबॉक्सही फिरत असतो. दोघांना जोडणारी आणि हवे तेव्हा तोडणारी वस्तू म्हणजे क्लच. इंजिनाच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, एक खरखरीत प्लेट दाबून धरलेली असते. दाबण्याचे काम प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा करतात. आपण पेडल दाबतो तेव्हा ती पकड सुटते आणि गिअर बिनबोभाट पडतो. म्हणजे बिघाड दोनच तऱ्हांचा. एक तर पकड सुटत नाही, नाहीतर पकड धरत नाही. नव्वद टक्के गोंधळ हे दोन वेगळे न केल्यामुळे होतो. (टक्के आमचे, मोजलेले नाहीत.)

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो, चालू केल्यावर अडतो, याचा अर्थ गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे, पकड सुटत नाही. आणि पेडल भराभर मारल्यावर गिअर पडू लागला, तर पायाचा जोर वाटेत कुठेतरी गळतो आहे किंवा हवेत जिरतो आहे. प्लेट झिजल्याचे लक्षण उलटे असते. तेव्हा गिअर छान पडतो, पेडलही ठीक लागते, पण चढाला गाडी ओढत नाही, इंजिन नुसते ओरडते आणि जळका वास येतो. मोकळ्या जागी, समोर-मागे कोणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडून पाहावे. इंजिन धक्का खाऊन बंद पडले तर प्लेट धरते आहे. फिरतच राहिले तर प्लेट गेली, मग खर्चाला इलाज नाही. ही परीक्षा एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केली तर असलेली प्लेटही जळेल.

आवाजाचेही असेच. पेडल दाबल्यावर किरकिर येते आणि सोडल्यावर थांबते, तर क्लचचे बेअरिंग. उलट पेडल सोडलेले असताना घरघर आणि दाबल्यावर बंद, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर.

आता पायाचा जोर खाली कसा पोचतो ते. मारुती 800, ओम्नी यांसारख्या गाड्यांत केबल असते, सायकलच्या ब्रेकसारखी, फक्त जाड. सुमोत केबल नाही, तेल आहे. पेडलामागे एक सिलिंडर, त्याला मास्टर म्हणतात. गिअरबॉक्सच्या बाजूला दुसरा, त्याला स्लेव्ह म्हणतात. मास्टर म्हणजे मालक आणि स्लेव्ह म्हणजे गुलाम. ही नावे कोणी ठेवली कोण जाणे. आमच्या घरात वरचा सिलिंडर आणि खालचा सिलिंडर असेच म्हणतात. दोघांच्या मध्ये नळी, आणि सगळ्यात तेल भरलेले. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून वर जितका जोर तितका खाली पोचतो. हवा मात्र आकसते. तेल गळून आत हवेचा एक बुडबुडा शिरला की आपला पाय त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, आणि खालचा दांडा हलतच नाही. म्हणूनच पेडल मऊ.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अण्णांनी आधी बॉनेट उघडून तेलाचा डबा पाहिला. तळाला थोडेसे काळे तेल. मग वहिनीला म्हणाले, पेडलामागे हात घालून पाय, ओले आहे का? कोरडे होते. म्हणजे वरचा सिलिंडर निदान बाहेर गळत नव्हता. चाकांना मोठे दगड लावले. सुमो उंच गाडी, जॅक न लावता माणूस खाली सरकतो. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मग तो कितीही घाईत असो.) दादा खाली गेला, खालच्या सिलिंडरच्या रबरी टोपीत बोट घातले आणि बोट बाहेर काढले. तेलाने काळेकुट्ट.

गॅरेजवाला तिथेच उभा होता. त्याने पाहिले, काही बोलला नाही, आणि मग स्वतः जाऊन बारीक पाना आणून दिला. हे सांगायला हवे. तो लबाड होता असे आमच्यापैकी कोणी म्हणत नाही. गिअरबॉक्स उतरवला की मजुरी पक्की मिळते आणि नवी प्लेट टाकली की गिऱ्हाईक सहसा तक्रार करत नाही. त्या ओघात निदान मागे पडते, इतकेच. पण भुर्दंड कोणावर पडतो, तर ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याच्यावर. आणि खालचा सिलिंडर तसाच गळका राहिला असता, तर साडेनऊ हजार देऊनही पेडल पुन्हा मऊ पडले असते.

सिलिंडर खोलून अण्णांनी आत करंगळी फिरवली. नुसती रबरे बदलायचे किट शंभर-सव्वाशेला मिळत होते. पण आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले होते, आणि खड्ड्यावर नवे रबर महिनाभरात कापले जाते. म्हणून पूर्ण सिलिंडरच आणला, साडेसहाशेला, आणि अर्धा लिटर ब्रेकचे तेल. या कामाला ब्रेकचेच तेल लागते, डब्याच्या झाकणावर त्याचा प्रकार लिहिलेला असतो. इंजिन ऑइल घालून वेळ मारून नेणारे आम्ही पाहिले आहेत. त्याने रबरे फुगतात आणि सगळेच बदलावे लागते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून वर्षानुवर्षे फोडून ठेवलेली बाटली वापरू नये. रंगावर सांडले तर रंग सोडवते, लगेच पाण्याने धुवावे, आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असे तर ठेवूच नये.

मग आतली हवा काढायचे काम. हे एकट्याने धड होत नाही. एक माणूस खाली, एक पेडलावर. अण्णांचा गुडघा वाकत नव्हता, दादा खाली, तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवर वहिनी बसली. इतक्या वर्षांत त्या जागेवर ती पहिल्यांदाच बसत होती. सिलिंडरला एक छोटे निपल असते. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवले. अण्णा दाराशी दगडावर बसून पुकारत होते. "दाब. धरून ठेव." दादा निपल सोडायचा, नळीतून फसफसत तेल आणि बुडबुडे यायचे, निपल बंद. "सोड." पुन्हा. निपल बंद होण्याआधी पाय सुटला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते, म्हणून पुकाऱ्याला फार महत्त्व. दर पाच-सहा वेळांनी वरचा डबा भरायचा. तो रिकामा झाला तर पहिल्यापासून सुरुवात.

विसाव्या की पंचविसाव्या वेळी वहिनी म्हणाली, "आता लागतंय काहीतरी." खाली दादाच्या नळीतून बुडबुड्यांशिवाय स्वच्छ तेल येत होते. वर आणि खाली, दोघांना एकाच क्षणी कळले.

एकूण खर्च एस.टी.च्या तिकिटांसह हजाराच्या आत. गॅरेजवाल्याने मजुरी घेतली नाही, आम्ही चहाचे दिले. संध्याकाळी गाडी घाट चढली.

त्यानंतर वस्तीत क्लचचे दुखणे झाले की लोक अण्णांना बोलवायला लागले. पण म्हणून दरवेळी स्वस्तात निभावते असे नाही. शेजारच्या गल्लीत एकाची शाळेच्या मुलांची ओम्नी होती. त्याला वाटत होते केबल आवळली की झाले. एका परीने बरोबर होते. पेडलाला वरच्या बाजूला थोडा ढिला खेळ असावा लागतो. तो फार वाढला तर पकड पूर्ण सुटत नाही, अजिबात नसला तर प्लेट घासत राहते. हा खेळ किती असावा हे गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि केबलच्या टोकाच्या नटने तो कमी-जास्त करता येतो. केबलच्या तारा तुटायला लागल्या असतील तर पेडल जड आणि खरखरीत लागते, तेव्हा ती बदलावीच. पण त्याच्या गाडीला खेळ बरोबर होता, केबल चांगली होती, आणि तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तरी इंजिन बंद पडत नव्हते. अण्णांनी सरळ सांगितले, प्लेट टाका, त्याशिवाय मुलांना बसवू नका. त्याला वाईट वाटले. तो आमच्याकडे पैसे वाचवायला आला होता आणि आम्ही खर्च सांगून पाठवला. पण लेकरे भरलेली गाडी चढावर मागे सरकली तर काय, हे त्यालाही दिसत होते. प्लेट टाकली. त्याच्या बायकोने पोस्टातले रिकरिंग मोडले.

आणखी एक लक्षात ठेवावे. अलीकडच्या काही गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच बसवलेला असतो. तिथे गळती असली तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा मेकॅनिकशी उगाच वाद घालू नये. काही गाड्यांत ब्रेकचा आणि क्लचचा तेलाचा डबा एकच असतो. तिथे तेल उतरले तर प्रश्न नुसत्या गिअरचा राहत नाही, ब्रेकचा होतो, आणि अशी गाडी घाटात नेणे म्हणजे जिवाशी खेळ.

आणि पाय. गाडी चालवताना डावा पाय पेडलावर विसावा घेतल्यासारखा ठेवण्याची कित्येकांना खोड असते. तेवढ्या भारानेही बेअरिंग झिजते. चढावर थांबल्यावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारे तर ऐट म्हणून ते करतात. हँडब्रेक फुकट असतो, प्लेट नाही.

वहिनीने 2018 साली गाडी शिकून लायसन काढले. त्या दुपारच्या पेडलावरच आपला पाय शिकला, असे ती म्हणते. दादा म्हणतो, मी शिकवले. यात आम्ही पडत नाही. 2019 च्या पावसाळ्यात एकदा ती देऊळघाटहून गाडी घेऊन आली आणि आत न येता ओट्यावरच थांबली. पेडल अजून पुरते मऊ नव्हते, पण दाबून धरले की हळूहळू खाली बसत होते. दादा म्हणाला, परवा तर ठीक होते, तुला भास झाला असेल. तिने उजव्या हाताने डाव्या पायातली चप्पल काढली आणि त्याच्यासमोर धरली. अंगठ्यापाशी तेलाचा डाग होता.

"पेडलाच्या मागून गळतंय. आता वरचा सिलिंडर," ती म्हणाली, चप्पल पुन्हा पायात घातली, आणि दुकान बंद व्हायच्या आत सामान आणायला निघाली.