फुरसुंगीच्या पोराचं सामान

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची, म्हणजे साहसं करत हिंडणाऱ्या शाळकरी बनेश फेणेची, पुस्तकं अजून दुकानात मिळतात. पुस्तकांतलं सामान मात्र एकेक करून उठून चाललंय. आठवलं तसं मांडतो.

सायकल. फेणेचं वाहन. आमच्या लहानपणी ती तासावर मिळायची. दुकानदार मळक्या वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा. सीटवर बूड पोचत नसे, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायची. उजव्या पोटरीला चेनचं काळं ग्रीस लागे, ते रात्री आई रॉकेलच्या बोळ्याने पुसे. पुण्याला तेव्हा सायकलींचं शहर म्हणत.

फुरसुंगी. भागवतांनी बनेशला हे गाव दिलं. पुण्याजवळचं, शेतीवाडीचं. आजची मुलं हे नाव ऐकतात ते बहुधा कचरा डेपोच्या बातमीत.

ट्टॉक्. फेणेच्या तोंडचा आवाज. दोन ट आणि पायमोडका क. जीभ टाळूला चिकटवून सोडायची. एका शब्दावर मराठी मुलांची एक पिढी एकमेकांना ओळखत होती.

एकटं बाहेर पडणं. यादीतलं हे सगळ्यात मोठं, आणि मला सगळ्यात जास्त सलणारं. किडकिडीत शाळकरी पोर. अंगात कुठलीही जादू नाही. तरी ते प्रतापगडावर जातं, गुलमर्गचं गूढ उकलतं, जवानांपर्यंत पोचतं. भागवतांनी त्याला खुशाल जाऊ दिलं. ते स्वतः रेडिओची नोकरी सोडून 1942 च्या चळवळीत उतरलेले, तुरुंग पाहिलेले. पोरावर एवढा भरवसा टाकायला तसाच लेखक लागतो. 2017 च्या सिनेमात फास्टर फेणे आला, पण थोराड होऊन, कॉलेजच्या वयाचा. शाळकरी फेणेला आज एकटं कोण सोडणार, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

वाचनालयाचं पुस्तक. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आत चिकटवलेल्या कागदावर जांभळ्या शाईतले तारखांचे शिक्के. माझ्या हाती आलेल्या फास्टर फेणेच्या एका पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. चोर कोण, हे मला दोन वर्षांनी कळलं.

आणि ‘बालमित्र’. भागवतांनी 1951 मध्ये सुरू केलेलं मुलांचं मासिक. फार वर्षं तगलं नाही. जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती देणारा हा माणूस 2001 मध्ये गेला. पुस्तकं पुन्हा छापता येतात. मासिकाचे सुटे अंक रद्दीत गेले की गेले.

तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत ‘बालमित्र’चा एखादा अंक असेल, तर तो रद्दीवाल्याला घालू नका. जवळच्या जुन्या ग्रंथालयात नेऊन द्या. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल.